उतार

पहिल्या रात्री एकशे तीन.
मणेराजुरीच्या मेडिकलातनं आणलेलं
बॅटरीवरचं यंत्र, टूकटूक करून आकडा सांगणारं.
रंजना माहेरी, भावजयीच्या बाळंतपणाला.
घरात मी, सात वर्षांची मुक्ता,
आणि दाराबाहेर छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांची बाग,
जिथं दव पडलं की पहाटेची फवारणी चुकत नसते.

गाडीला किक मारली तर पुढं कुसुमवहिनी,
गावच्या आशा, हातात टॉर्च.
"कुठं निघालास?"
"एकशे तीन हाय."
"ते यंत्र कसं हाय ते सांगितलंस. पोरगी कशी हाय?"

पोरगी पेज पीत होती, निम्मी माझ्या अंगावर उडवत होती,
पेजेच्या बदल्यात मोबाईल मागत होती.
वहिनींनी तिच्यावरची दुलई ओढून काढली, खिडकी उघडली,
मेडिकलवाल्यानं दिलेली जोरदार लाल गोळी
स्वतःच्या पिशवीत टाकली.
"ही न्हाई. डेंग्यूचे दिवस हायत.
साधं पॅरासिटामॉल, तेबी वजनावर.
उजाडल्यावर रक्त दे. आज रात्री पाज, आणि बघत बस."

बघत बसणं मला येतं.
पान वरून हिरवंगार असलं तरी
मी उलटून बघतो, खाली पांढरी बुरशी धरलीय का.
फवारणीच्या वहीतच तिचा ताप लिहायला लागलो:
सहा वाजता एकशे दोन, दहाला एकशे एक,
शेजारच्या रकान्यात औषधाचं नाव आणि लिटर पाणी.
केंद्रात रक्त दिलं. घरी जा म्हणाले, पाजत राहा,
काही बदललं तर थांबू नका.

चौथ्या दिवशी अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.
काही बदललं तर, म्हणाले होते.
हे बदलणं चांगलंच, असं मी धरलं.
डेअरीत चार जणांना सांगितलं, उतरला एकदाचा.
चार दिवसांत पहिल्यांदा निवांत चहा प्यालो
आणि पंप पाठीला लावून बागेत गेलो.

दुपारी आलो तर मुक्ता त्याच कुशीवर.
मोबाईल उशाशी, तिनं मागितलेला नाही.
"झोपू दे, दमलीय," मी म्हणालो,
आणि वहिनींनी तिचा हात माझ्या हातात दिला.
गार. नोव्हेंबरातल्या दुपारी
विहिरीतल्या पायरीसारखा गार.

"सकाळपासून शू झाली?"
मी वही उघडली.
सगळे आकडे होते. त्याला रकानाच नव्हता.
"पोटात दुखतंय पप्पा," ती म्हणाली,
माझ्याकडं न बघता.
"ताप उतरला म्हणून तू गेलास व्हय रं फवारायला?
ह्या रोगात उतरतानाच बघायचं असतं.
उठ. आत्ता."

मगदूमांची पिकअप, मागं रिकामे क्रेट आदळत होते.
कुमठे फाट्यावर ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा,
मी खिडकीतनं शिव्या देतोय,
वहिनी दर किलोमीटरला तिला नाव विचारतायत,
शाळेचं, बाईंचं, मांजराचं,
आणि मांजराचं नाव सांगायला तिला फार वेळ लागला.

मिरजेत कुणी मला ताप किती होता ते विचारलं नाही.
नखं दाबून बघितली, हिरड्या बघितल्या,
पोटावर हात ठेवला,
शेवटची शू कधी, हेच तीन जणांनी विचारलं,
आणि तिन्ही वेळा मी मान खाली घातली.
सलाईन थेंबाथेंबानं.
मला ठिबक कळतं, ताशी किती लिटर ते तोंडपाठ,
तरी रात्रभर त्या नळीकडं बघत
मी थेंब मोजत राहिलो, आणि हिशेब चुकत राहिला.

बागेत त्या आठवड्यात दावण्या शिरला.
शिरू दे.

पहाटे ती माझी बाही ओढून म्हणाली,
"पप्पा, शू लागलीय."
सिस्टर भांडं आणायला गेली,
समोरच्या खाटेवरच्या आजी कूस बदलून हसल्या,
वहिनी बाकावर बसल्या बसल्या झोपलेल्या.

वही माझ्या पिशवीतच होती.
आकड्यांच्या खाली, आडवी रेघ न मारता लिहिलं:
पाच पंचवीस. शू झाली.
मांजराबद्दल विचारत होती.